म्हशीने गिळलेली लेन्स

कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि मी आग्रहही करत नाही, पण डिंडोलीत आजवर निघालेला सर्वांत चांगला फोटो मी लेन्स नसलेल्या कॅमेऱ्याने काढला आहे. लेन्स त्या वेळी एका म्हशीच्या पोटात होती.

हे मी शनिवारी दुपारी नूतनला सांगायला घेतलं. नूतन म्हणजे माझा चुलतभाऊ दगा, त्याची मुलगी. दगा आणि मी एकाच वर्षी अमळनेरहून सुरतेला आलो. तो लूमवर लागला आणि मी एका फोटोवाल्याकडे. पुढे मी डिंडोलीत स्वतःचा ‘पंडित फोटो स्टुडिओ’ काढला आणि अठ्ठावीस वर्षं चालवला. पासपोर्ट, रेशनकार्ड, साखरपुडे, लग्नं. आता त्या गाळ्यात एक जण मोबाइलची कव्हरं विकतो आणि मी घरी बसून सल्ले देतो. सल्ल्याला रोल लागत नाही.

नूतनला सल्ला हवा होता तो कोणता कॅमेरा घ्यायचा याचा, आणि तोही संध्याकाळच्या आत, कारण रविवारी दुकान बंद असतं.

झालं होतं असं. मार्केटमध्ये जयंतीभाई म्हणून साड्यांचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे नूतन तीन वर्षं साड्यांच्या घड्या घालते. जयंतीभाईंचा अर्धा माल खानदेशात जातो, लग्नातल्या मानपानाच्या साड्या. मागच्या हंगामात त्यांनी मोठ्या स्टुडिओतून कॅटलॉग करून घेतलं. कॅमेरा असा की दोन माणसांनी उचलावा. कॅटलॉग छापून आलं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि घडी घालता घालता नूतन म्हणाली, शेठ, सातव्या पानावरच्या बाईचा पदर उजव्या खांद्यावरून मागे गेलाय. जयंतीभाईंनी पाहिलं. त्यांना काही खटकलं नाही. त्यांच्या घरातल्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावरच असतो, फक्त तो मागून पुढे येतो. आपला डाव्या खांद्यावरून मागे जातो. स्टुडिओवाल्याने बाईचं तोंड पानाच्या आतल्या बाजूला यावं म्हणून संगणकावर फोटो आरशातल्यासारखा उलटा केला होता, आणि पदर ना गुजरातचा राहिला ना खानदेशाचा. आठ दिवसांत धुळ्याच्या एका दुकानदाराचा फोन आला, ही डावखुरी बाई कोणत्या गावची म्हणून.

तेव्हा जयंतीभाईंनी नूतनच्या हातात बारा साड्या दिल्या आणि म्हणाले, “सोमवार सुधी करी बताव, बेन.” म्हणजे सोमवारपर्यंत तूच करून दाखव. सोमवारी फोटो पसंत पडले तर हंगामाचं सगळं कॅटलॉग तिचं. नाही पडले तर परत घड्या. अट एकच, मॉडेल नको. मानपानाची साडी सासूला, मावशीला, आत्याला देतात, तेव्हा नेसणारी बाई त्याच वयाची हवी.

अशी बाई नूतनच्या घरातच होती, तिची आई कविता.

गुरुवारी तिने घरात खिडकीपाशी आईला उभं करून फोनवर चाळीस फोटो काढले. मी स्वतः देखरेखीला गेलो होतो. खुर्ची टाकून समोर बसलो, हनुवटी वर घे, डावा खांदा पुढे घे, असं सांगत होतो. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असा वाया घालवता येत नाही. फोटो आले ते मात्र रेशनकार्डाचे. कविता डोक्यावरचा पदर दाताशी धरून भिंतीसारखी उभी. काठ दिसत नाही, ब्लाउजवरची नक्षी दिसत नाही, चेहरा दिसतो तोही अर्धा. नूतन तिला म्हणाली, आई, पदर खांद्यावर घे ना. कविताने मान हलवली आणि पदर आणखी पुढे ओढला. लाजाळू आहे बिचारी. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला असंच बघतोय.

नूतनने सगळा दोष फोनवर ढकलला. शुक्रवारी मला घेऊन भागळजवळच्या दुकानात गेली. दुकानदाराने काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक नवा, काळा, गाईच्या वासरासारखा चमकणारा, त्याच्याबरोबर लेन्सा बदलून बदलून लावायच्या. दुसरा कोणीतरी वापरून विकलेला, एकच लेन्स, कोपऱ्यात रंग उडालेला. नव्यात तिची तिन्ही वर्षांची बचत जाणार होती. जुन्यात अर्धीही नाही. दुकानदार नव्याबद्दल इतकं बोलला की मला वाटलं, हा कॅमेरा सकाळी उठून चहाही करत असेल. नूतन एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मी दोन्ही हातांत घेऊन वजन केलं आणि म्हणालो, उद्या सांगतो.

खरं सांगायचं तर मला तिथेच सांगता आलं असतं. खिडकीचा उजेड दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच मिळतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर बांधली की साडीची सावलीतली बाजू उजळते. काठावरची जर टिपायची असेल तर दुपारी बाराचं ऊन नको, सकाळी नऊचं घ्यावं. हे मी शनिवारी तिला सांगितलंही, पण खरं बोलायला लागलो की माझं बोलणं कोणी मनावर घेत नाही. ती मोबाइलवर त्या काळ्या कॅमेऱ्याचे फोटो बघत राहिली. म्हणून मग मी म्हशीवर आलो.

भिंतीवर आमच्या घरात एक फोटो आहे, तो मी तिला दाखवला. लहानपणापासून तिने तो पाहिलेला, तरी दाखवला. दगाच्या बहिणीच्या हळदीतला आहे. दगाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मागच्या खोलीत कविता भिंतीला टेकून बसली आहे, हातात हळदीची वाटी, बोटं पिवळी, डोकं मागे टाकून हसते आहे. अंबाड्यात माळलेला गजरा एका बाजूने सुटला आहे. खिडकीतला उजेड गालावरून खाली हळदीत उतरलाय. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या फोटोसमोर थांबतो आणि मग बसतो.

“हा फोटो कुठल्या कॅमेऱ्यावर काढला, मोठे बाबा?” नूतनने विचारलं.

तेवढंच मला हवं होतं.

मी तिला सांगितलं की त्या दिवशी मांडवात मी लेन्स पुसायला काढून खाटेवर ठेवली होती. शेजाऱ्याची म्हैस सुटून आली. लेन्सच्या काचेवर कोणाच्या तरी बोटाचा गूळ लागला होता. म्हशीने एकदा चाटली, दुसऱ्यांदा गिळली. मी तिच्यामागे गोडादऱ्यापर्यंत धावलो. ती थांबली, वळून माझ्याकडे बघितलं, आणि शपथेवर सांगतो, तिच्या पोटातून क्लिक असा आवाज आला.

मंगलाबाई, म्हणजे आमच्या मंडळी, पलीकडे बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी एक शेंग जरा जोरात मोडली.

मी पुढे सांगितलं. लेन्स गेली, आणि आत मागच्या खोलीत नुसत्या बायका, हळद लावायला बसलेल्या. आमच्यात एक सुकदेवमामा होते, चष्म्याचा नंबर असा की चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची बायको सोडून सगळ्या बायका सारख्या दिसत. मी त्यांच्या चष्म्याची एक काच काढली, पुऱ्यांसाठी मळलेली कणीक घेतली, आणि कणकेने ती काच कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवली. फोकस करायचा तर कणीक दाबायची. उजेड किती वेळ आत सोडायचा ते मोजायला सप्तशृंगीचं नाव तीनदा घेतलं. आणि आता नीट ऐक, मी म्हणालो, तुझी आई हसली का ते. मी कॅमेरा रोखला आणि एक कोंबडी उडी मारून माझ्या हातावर बसली आणि कॅमेऱ्यावरची कणीक टोचायला लागली. मी हललो नाही. कविता हसली, मी बटण दाबलं. चष्म्याची काच, कणीक आणि कोंबडी, एवढ्या सामानात हा फोटो निघाला. तेव्हा त्या काळ्या वासराच्या नादी लागू नकोस. फोटो कॅमेरा काढत नाही, माणूस काढतो.

हे शेवटचं वाक्य मी जरा थांबून म्हटलं. त्याच्यासाठीच तर एवढी म्हैस धावडवली होती.

मंगलाबाई शेंगांकडेच बघत म्हणाल्या, “आते बस करा. म्हैस दमनी व्हई.”

नूतन हसली नाही. म्हशीवर हसेल असं मला वाटलं होतं, निदान सुकदेवमामांवर तरी. ती उठली, भिंतीवरून फोटो उतरवला आणि दारातल्या उजेडात घेऊन गेली. बराच वेळ बघत राहिली. मग फोन काढून गुरुवारचे फोटो एकेक सरकवायला लागली. एकदा फोनकडे, एकदा फ्रेमकडे. मी म्हणालो, काय शोधतेस, कोंबडी फ्रेमच्या बाहेर आहे.

“कोंबडी नाही शोधत,” ती म्हणाली. “मोठे बाबा, तुम्ही आईचे जेठ ना?”

मी म्हणालो, त्यात काय विचारायचं, दगापेक्षा मी चार वर्षांनी मोठा, म्हणजे तिचा थोरला दीरच.

“आई अजून तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. तुमचा आवाज दारात आला तरी पोळी लाटताना पिठाच्या हाताने वर ओढते. गुरुवारी तुम्ही खुर्ची टाकून समोर बसलात, तर चाळीसच्या चाळीस फोटोंत पदर दातात आहे. मी आपली फोनला शिव्या देत होते.” तिने फ्रेम माझ्याकडे वळवली. “आणि इथे तिचा गजरा दिसतोय.”

मी म्हणालो, अगं, एवढं हसल्यावर पदर घसरणारच.

“पदर घसरला असता तर आधी तिने तो सावरला असता. मग हसली असती.”

मी सुकदेवमामांचा दाखला द्यायच्या बेतात होतो, पण मामा वारून पंधरा वर्षं झाली. मागच्या खोलीत फक्त बायका होत्या, हेही मीच थोड्या वेळापूर्वी सांगून बसलो होतो. खोटं बोलणाऱ्याने खोलीत कोण कोण होतं ते कधी सांगू नये, एवढं या वयात कळलं.

मंगलाबाईंच्या शेंगा थांबल्या होत्या.

नूतनने फोटो परत खिळ्याला लावला, सरळ आहे का ते मागे सरकून बघितलं. मग मला म्हणाली, ती जुनाच कॅमेरा आणायला जातेय, आणि उद्या सकाळी नऊ वाजता तिच्या घरी मी सोडून कोणीही आलं तरी चालेल. एवढं सांगून ती माझ्याकडे पाठ करून मंगलाबाईंसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि गवारीच्या मूठभर शेंगा उचलून मोडायला लागली.

“मोठी आई, हा फोटो तुम्ही काढलाय. आता सांगा, आईला काय सांगून हसवलं होतं?”