सहावी लेव्हल

नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची जुनी मशिनं दुरुस्त करण्यात मेकॅनिकचा हातखंडा होता. पण या मशीनने त्याला रडकुंडीला आणलं. गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच, की सहाव्या लेव्हलला स्क्रीन गोठतो. बिघाड बघायचा तर आधी खेळत तिथवर पोचायला हवं, आणि चार दिवसांत मेकॅनिकची मजल तिसरीपलीकडे गेली नव्हती. खेळ दिसायला सोपा. खाणीतला कामगार शिड्या चढतो, वरून दगड येतात. एक दगड लागला की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी त्याने ताईला फोन केला. शाळेत असताना शिकवणी बुडवून हाच खेळ खेळल्याबद्दल तिने आईचा मार खाल्ला होता. आता ती नर्स होती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" ती म्हणाली. पण ड्यूटी संपल्यावर थेट गणवेशातच आली.

पहिल्या डावात ती दुसऱ्याच लेव्हलला मेली. "बोटं आखडलीत रे," म्हणत तिने चष्मा बदलला. पाच-सहा डावांनंतर ती बोलेनाशी झाली. दगड दिसायच्या आधीच मनगट वळू लागलं. चौथी गेली, पाचवी गेली. सहावीची पहिली शिडी चढली आणि चित्राचे तुकडे होऊन सगळं थिजलं.

"सापडलं," मेकॅनिक टाळी वाजवत म्हणाला. "या लेव्हलच्या चित्रांची चिप गेलीय. ताई, लाज राखलीस माझी."

ताईचा हात अजून मशीनच्या दांड्यावरच होता. "मी सहावी कधी पाहिलीच नाही. तेव्हा आईने पाचवीवरून ओढून नेलं होतं."

आपण टाळी वाजवली म्हणून मेकॅनिक खजील झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने चिप बदलली. ताई आली आणि लागोपाठ तीन वेळा तिसरीतच गारद झाली. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला.

"तपासणी चाललीय," मेकॅनिक म्हणाला आणि फोनवर हात ठेवून वळला. "ताई, किती दिवस सांगू?"

"आठवडा सांग. आणि मध्ये बोलू नकोस."

पाचव्या दिवशी ती पोचली. सहावीत खाण संपून उघडं, जांभळं आकाश होतं. ती बघत राहिली आणि दगड डोक्यात बसला.

"चालतंय तुझं मशीन," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "एक डाव अजून."