चहा कोणाकडे

इनामदारांना मारलं कोणी, हे सुनेला विचारायला विठाबाईंना सव्वीस दिवस लागले. विचारलं तेही भेंडीची देठं काढता काढता, मान खाली घालून.

"साक्षी, ते आपली मालिका होती ना... शेवटी खुनी कोण निघाला, मालूम हाय का तुले?"

साक्षीचा हात थांबला. खुशालराव गेले त्या दिवशी टीव्ही बंद झाला होता आणि त्यावर चादर विठाबाईंनीच घातली होती. नवऱ्याला जाऊन महिना झाला नाही आणि बाईला खुनी पाहिजे, असं इंद्रवेल्लीत कोणी म्हटलं असतं तर त्यांनी स्वतःच मान हलवली असती. पण राहवत नव्हतं. खुशालराव मंगळवारी गेले आणि मालिकेचा शेवटचा भाग शुक्रवारी होता. टीव्हीखालच्या बिस्किटांच्या डब्यात दोघांच्या चिठ्ठ्या घडी घातलेल्या तशाच पडून होत्या.

घरात पहिला टीव्ही आला तेव्हापासूनची ही त्यांची रीत. रहस्यमालिकेचे चार भाग झाले की दोघांनी खुन्याचं नाव लिहून डब्यात टाकायचं. शेवटचा भाग झाल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. मग आपापली चिठ्ठी आपणच वाचून दाखवायची. जो हरेल त्यानं पुढची मालिका संपेपर्यंत सकाळचा चहा करायचा. दोघंही बरोबर आले किंवा दोघंही चुकले, तर चहा आधी करणाऱ्याकडंच. पहिल्याच मालिकेत खुशालराव हरले आणि पुढं सत्तावीस वर्षं चहा त्यांच्याकडंच राहिला.

विठाबाईंना याचं कायम नवल वाटे. तहसीलीत बत्तीस वर्षं पहाणीची, म्हणजे शेतजमिनीच्या नोंदींची, कागदपत्रं लिहिलेला हा माणूस बाकी कशाला फसत नसे. बातम्यांतला निवेदक ओरडायला लागला, की "अर्ज लय मोठा हाय, कागद एक बी नाही जोडला," म्हणून आवाज बंद करी. नेत्यांच्या नकलांचा कार्यक्रम लागला, की सगळ्यांचं हसून झाल्यावर खुशालराव हसत, कारण तो नेता आपल्या मंडलातल्या कोणासारखा दिसतो हे आधी शोधून काढावं लागे. मतमोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी गुलालात न्हालेला असे. आणि मालिकेतला खुनी मात्र? कधी धोबी, कधी स्वयंपाकी, एकदा तर सहाव्या भागात मेलेलाच माणूस. "तुमाले सरकार समजते, माणूस नाही समजत," असं विठाबाई चहा फुंकत सुनावायच्या. ते मान डोलवायचे आणि आपली चिठ्ठी फाडून टाकायचे.

साक्षीनं हात पुसून मोबाईल काढला. दोघींनी शेवटचा भाग स्वयंपाकघरातच बसून पाहिला. इनामदारांना रोज औषध देणारा, गोड बोलणारा डॉक्टर खुनी निघाला.

विठाबाईंनी मुनीम लिहिला होता. त्या उठल्या आणि डबा घेऊन आल्या. नवऱ्याची चिठ्ठी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातानं उघडली. खाली लिहिलं होतं, माळी. याही वेळी चुकले बिचारे, म्हणून त्यांना हसू आलं. मग नजर वर गेली.

माळीच्या वर आणखी एक नाव होतं. त्यावर एकच सरळ रेघ होती, खालचं अक्षर स्वच्छ वाचता येईल अशी, आणि शेजारी खुशालरावांची बारीक सही. तहसीलीत खाडाखोड अशीच करायची असते. लिहिलेलं गिरगटायचं नाही, आणि कापलं कोणी याची खूण ठेवायची. बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठीवरही त्यांचा हात ते विसरला नव्हता.

कापलेलं नाव डॉक्टर होतं.

साक्षीनं चिठ्ठी वाकून पाहिली. "आई, बाबांनी बरोबर लिवलं होतं. मंग कापलं काऊन?"

इतक्या वर्षांचे ते धोबी आणि स्वयंपाकी विठाबाईंच्या डोळ्यांपुढून गेले. जुनी चिठ्ठी एकही शिल्लक नव्हती, पण तपासायचं तरी काय होतं? त्यांना रडू आलं आणि रागही आला. रोज सकाळी गरम कप हातात देताना हा माणूस म्हणायचा, "लय कठीण मालिका होती."

सासरे गेल्यापासून सकाळचा चहा साक्षी करत होती. दुसऱ्या दिवशी ती उठून आली तर गॅसवर आधण उकळत होतं आणि विठाबाई साखरेचा डबा शोधत होत्या.

"तुमी काऊन उठल्या, आई? मी करतो ना."

"मी हरली," विठाबाई म्हणाल्या. "पुढची मालिका संपेपर्यंत माह्याकडे हाय."

त्यांनी चहा गाळून कप सुनेच्या हातात दिला. साखर भलतीच जास्त झाली होती. सत्तावीस वर्षांत त्यांचा अंदाज गेला होता. साक्षीनं कप रिकामा केला.