हिंडाच्या लेकासाठी मळलेलं पीठ

मित्रांनो, मी पीठ मळायची एक जुनी काथवट आहे. परात नव्हे, काथवट. परात पत्र्याची असते, जरा हातातून सुटली की किंचाळते. मी एका ओंडक्यातून कोरलेली आहे आणि उभ्या आयुष्यात एकदाही किंचाळलेली नाही. सध्या माझा मुक्काम गावच्या सभागृहात, जिन्याखाली. माझ्यात कुणी रद्दी टाकतं, कुणी ओल्या छत्र्या. मागे एका शहाणीने माझ्यात निवडुंगाची कुंडी ठेवली होती. तुमची कीव नको मला. मला एक नाव सांगायचं आहे. ते आता माझ्याखेरीज कुणाच्या तोंडी नाही, आणि लाकडाचं बोलणं ऐकतं कोण? तुम्ही ऐकता आहात, म्हणून सांगते.

माझा जन्म दूर समुद्रापलीकडच्या मारामुरेशच्या डोंगरातला. माझी मालकीण फ्रुमा, तिच्या आजीच्या लग्नात मोशको सुताराने मला घडवलं. आजीने माझ्यात पीठ मळलं, मग आईने, मग फ्रुमाने. तीन पिढ्यांच्या मनगटांनी माझा तळ आरशासारखा गुळगुळीत केला. मग मोठी लढाई आली. फ्रुमाच्या घरची सगळी माणसं ज्यू म्हणून आगगाडीत कोंबून नेली. परत आली ती एकटी फ्रुमा. तेव्हा मी शेजारणीच्या अंगणात होते आणि तिच्या कोंबड्या माझ्यातलं पाणी पीत होत्या.

शेजारीण म्हणाली, "मला वाटलं, तुमच्यातलं कुणी आता येणार नाही."

"वाटलं ना? मग कोंबड्यांसाठी दुसरं भांडं बघ," फ्रुमा म्हणाली आणि मला डोक्यावर घेऊन चालू लागली.

अशी मी बोटीत बसून इस्राएलात आले, गलीलच्या डोंगरांखालच्या या गावात. बोटीवर बाया हसायच्या, "लोक पेट्या आणतात, ही बघा काय घेऊन निघाली!" फ्रुमा म्हणायची, "पेटीत भरायला माझ्याकडे आहे काय? हिच्यात पीठ तरी मावतं." तिचं तोंड असं होतं. तिच्या जिभेला कुणी धार लावली नव्हती, ती तशीच उपजली होती. शाळा तिने पाहिली ती बाहेरून. पण गावातलं एक बाळंतपण, एक भांडण तिच्यावाचून निस्तरलं असेल तर शपथ.

मग लढाईचं ते वर्ष आलं. प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटत नाही, गाडी चालत नाही, रेडिओसुद्धा मुका असतो. पुरुष पांढऱ्या शाली पांघरून प्रार्थनाघरात उभे होते. एकाएकी भोंगा वाजला. पाठोपाठ ट्रक आले आणि तरणी पोरं अंगावरच्या शाली आयांच्या हातात देऊन ट्रकात चढली. उपाशीपोटी. आमच्या बायांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. लढाईचं काय व्हायचं ते होईल, पण पोर उपाशी गेलं!

आमच्याच गल्लीतल्या हिंडाचा एलकाना असाच गेला. उंच, किडकिडीत, सुपासारखे कान. रणगाड्यावर नेमणूक होती त्याची. हिंडा पावाचा तुकडा घेऊन ट्रकामागे धावली. तो घेईना. "आई, उपास सुटायचाय अजून," म्हणाला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी गावात पुरुष म्हणजे म्हातारे नि आजारी. पावाची गाडी बंद झाली. वरच्या डोंगरावरून तोफगोळे येत होते, रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचा निळ्या रंगाने माखल्या होत्या, लेकरं तळघरात. फ्रुमाने मला अंगणात काढलं आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक दिली, "ज्यांना हात आहेत त्या इकडे या. ज्यांना नुसती जीभच आहे त्या दूध काढायला जा, गाई ऐकून घेतात."

आल्या सगळ्या. माझ्या दोन्ही अंगांना बसून बाया पीठ मळायच्या. तळघरातल्या म्हाताऱ्यांसाठी, ओल्या बाळंतिणीसाठी, रस्त्याने जाणाऱ्या शिपायांसाठी. गोळे पडत असताना माझ्याभोवती मढ्याची कळा नव्हती, मित्रांनो. हसणं होतं.

"ब्लीमा, पीठ मळतेस की नवऱ्याची पाठ चेपतेस?"

"फ्रुमामावशी, नवऱ्याची पाठ एवढी मऊ असती तर मी इथे कशाला आले असते?"

आमच्याकडे एक रीत आहे. भिजवलेलं पीठ ठरल्या मापाच्या वर गेलं, की बाया त्यातून एक गोळा वेगळा काढतात आणि भट्टीत जाळून टाकतात. तो देवाचा वाटा. त्या घडीला जे मागायचं ते मागतात. पीठ कमी असेल तर गोळा निघत नाही, आणि ती घडीही येत नाही. मागतानाही रीत आहे. जिवंत माणसासाठी मागायचं तर त्याला आईचं नाव लावायचं. गेलेल्याची आठवण करताना बापाचं. असं का, मला विचारू नका. मला वाटतं, आई ही जगण्याच्या बाजूची असते.

तर दर शुक्रवारी फ्रुमा गोळा हातात धरायची आणि बाया एकेक नाव घ्यायच्या. योताम, ब्लीमाचा मुलगा. एलकाना, हिंडाचा मुलगा. सगळी नावं संपेपर्यंत कुणी डोळे उघडत नसे.

लढाई संपली. ब्लीमाचा योताम भाजलेला हात घेऊन परत आला. हिंडाच्या दारात मात्र लष्कराची दोन माणसं आली.

"बाई, तुमचा मुलगा सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? तो काय सुई आहे?" हिंडा म्हणाली.

रणगाडा सापडला होता, जळालेला. आत कुणी नव्हतं. एवढंच.

त्यानंतर हिंडाचं घर बायांनी वाटून घेतलं. कुणी तिच्या गाईची धार काढी, कुणी तिचे केस विंचरी, कुणी तिच्या नवऱ्याला, गेट्झेलला, जेवू घाली. तिला न्हाऊ घालताना फ्रुमा दमदाटी करायची, "मान खाली घाल. लेक आला आणि आईच्या डोक्यात उवा दिसल्या तर नाक कापलं जाईल माझं." उन्हाळ्यात शत्रूच्या कैदेतली आमची पोरं सुटून आली. बाया टीव्हीपुढे दाटीवाटीने बसल्या. विमानातून उतरणारं पोरगं दिसलं की हिंडा पुढे वाकायची. ती तोंडं बघत नव्हती, कान बघत होती. शेवटचा मुलगा उतरला, विमानाचं दार लावलं, तरी ती वाकलेलीच होती.

तरीही शुक्रवार चुकला नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. बाकीच्या नावांची गरज उरली नव्हती. एकाच नावासाठी सगळ्या यायच्या. आणि एका शुक्रवारी ब्लीमाच्या तोंडून निघून गेलं, "एलकाना, गेट्झेलचा मुलगा."

बापाचं नाव. पिठातले सगळे हात जागच्या जागी थांबले. ब्लीमा मनाने दुष्ट नव्हती हो. तिच्या पोटात जे रोज घोळत होतं तेच ओठांवर आलं. सगळ्यांच्याच पोटात होतं, फक्त तिची जीभ घसरली.

हिंडाने हात माझ्यातून काढले. हातावरचं पीठही पुसलं नाही. "म्हणजे तुमचं सगळ्यांचं ठरलंय तर," म्हणाली आणि निघून गेली.

ब्लीमा रडायला लागली. फ्रुमा म्हणाली, "रडू नकोस, खारट होईल पीठ."

पुढच्या शुक्रवारी हिंडा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा फ्रुमाने मला दुधाच्या हातगाडीवर घातलं, ढकलत हिंडाच्या दारी नेलं आणि तिच्या ओट्यावर आदळलं. तळाला पहिली चीर गेली ती त्या दिवशी. "घे. आता ही तुझ्याकडे राहील. नाव तू घ्यायचंस, आम्ही फक्त मळायला येऊ. कुणाची जीभ घसरली तर लाटण्याने झोड." फ्रुमाच्या आजीची काथवट, मित्रांनो! ती तिने देऊन टाकली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण अभिमान जास्त वाटला.

मग लष्कराचे लोक पुन्हा आले. सोबत धर्मगुरू होते. सगळं तपासून झालं आहे, मुलगा गेला असं धरायला हरकत नाही, ते म्हणाले. पुरायला काही नव्हतं. पण आता बापाला शोकाला बसता येणार होतं. गेट्झेल इतकी वर्षं त्याचीच वाट बघत होता. मला त्याचा राग नाही. माणसाला रडायलाही परवानगी लागते, ती त्याला मिळाली. शोकाच्या रीतीप्रमाणे त्याने सदऱ्याची कड फाडली, आरशावर चादर टाकली आणि बाहेरच्या खोलीत बुटक्या स्टुलावर बसला.

"हिंडा, ये. बस माझ्याजवळ," तो म्हणाला.

"तू बस. तुझा गेला असेल. माझा सापडत नाही, एवढंच." आणि ती स्वयंपाकघरात आली, माझ्यात पीठ ओतलं आणि मळायला लागली.

आता बायांनी करावं काय? बापाजवळ बसावं तर पोरगा मेला. आईजवळ बसावं तर पोरगा जिवंत. दार दोघांचं एकच. बाया उंबऱ्यात घोटाळल्या. मग ब्लीमा पुढे झाली, तीच ब्लीमा. गेट्झेलपाशी बसली, त्याचा हात धरून. मग उठली, हात धुतले, आत आली आणि हिंडासमोर पिठात हात घातले. हिंडाने लाटण्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग सगळ्या तशाच. बाहेर रडायचं, हात धुवायचे, आत मळायचं.

शोकाला बसलेल्याने पहिला घास घरचा खायचा नसतो. तो शेजाऱ्यांनी आणायचा असतो. फ्रुमाने उकडलेली अंडी नि मसूर आणले होते. पाव मात्र ती आणायला विसरली होती. भट्टीतून हिंडाचे पाव निघाले, तो वास बाहेरच्या खोलीत गेला, आणि गेट्झेलने मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा त्याला भूक लागली होती.

"नको," तोच म्हणाला. "घरचा आहे. चालायचा नाही."

फ्रुमा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरचा कसा? ही बसली आहे का शोकाला? नाही ना? मग या घरात शोकवाला तू एकटा. ही तुझी आज शेजारीण. हिंडा, शेजाऱ्याला पाव दे."

हिंडा पाव घेऊन बाहेर गेली. तिने पाव मोडून त्याच्या हातावर ठेवला. गेट्झेलने खाल्ला. रडत खाल्ला. ती त्याच्याजवळ बसली नाही, पण तो खाईपर्यंत उभी राहिली. धर्मगुरूंना हे कुणी विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही.

गोष्ट इथे थांबवली तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी कोरली गेले आहे, रंगवली गेलेली नाही. मला रंग चढवून सांगता येत नाही.

एलकाना आला नाही. फ्रुमा गेली. गेट्झेल गेला. त्याच्या थडग्याच्या दगडावर बाजूलाच पोराचं नाव कोरलं, बापाच्या नावासकट. हिंडाने तिकडे कधी पाऊल टाकलं नाही. मग हिंडाही गेली. शेवटच्या दुखण्यात ती ब्लीमाला एवढंच म्हणाली, "जीभ सांभाळ गं."

ब्लीमाने मला आपल्या घरी नेलं. जमणाऱ्या बाया एकेक करून कमी होत गेल्या. कुणी मुलीकडे शहरात, कुणी मातीत. शेवटी माझ्याजवळ एकटी ब्लीमा. एकट्या बाईला खायला किती लागतं? मूठभर पीठ. मूठभर पिठातून देवाचा वाटा निघत नाही. वाटा नाही, तर मागणं नाही. म्हणून ती म्हातारी दर शुक्रवारी घरभर पुरेल एवढं पीठ भिजवायची. एका नावापुरतं माप भरायचं म्हणून. पाव वाळून दगड व्हायचे.

सून ओरडायची, "आई, एवढं कोण खाणार? कबुतरंसुद्धा कंटाळली आता!"

"खाणारा उशिरा येतो," ब्लीमा म्हणायची.

मग तिची मनगटं गेली. एका शुक्रवारी तिने पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि बोटं वळेनात. मापाचं पीठ तसंच माझ्यात अर्धं कोरडं, अर्धं ओलं पडून राहिलं. तिने दोनदा प्रयत्न केला. मग माझ्या काठावर डोकं टेकून बसली. सुनेने ते पीठ खरवडून टाकलं. त्या दिवसापासून ते नाव कुणी घेतलं नाही. ब्लीमा गेल्यावर सुनेने मला इथे सभागृहात आणून टाकलं.

आता पुन्हा भोंगे वाजतात. पुन्हा पोरं जातात. सभागृहात नव्या मुली जमतात, यंत्रात पीठ मळतात, डोळे मिटून नावं घेतात. चांगल्या मुली आहेत. मी जिन्याखालून ऐकते. नवीन नावं असतात सगळी. त्यांनी तरी जुनं कुठून आणावं? आपापल्या नावांनीच त्यांचा ऊर भरून गेलेला असतो. आणि मला दिसतंय, त्यांच्यातलीही एखादी म्हातारी होईल, एकटी उरेल आणि तिची बोटं वळणार नाहीत.

मित्रांनो, लाकडाला तेल लावा, तडे बुजवा, असं मी सांगणार नाही. माझं जे व्हायचं ते झालं. एवढंच सांगते: तुमच्या गल्लीत कुणी एकटी बाई मापाबाहेर पीठ भिजवत असेल, तर "कोण खाणार?" असं तिला विचारू नका. बाह्या सारा, हात धुवा आणि समोर बसा. ती नाव कुणाचं घेते ते नीट ऐका, आईच्या नावासकट.

एलकाना, हिंडाचा मुलगा.