शिफ्ट लॉक आणि फटीतला पुठ्ठा

मी शिफ्ट लॉक बोलतोय. तोंड वाकडं करू नका, सांगतो. बिनक्लचच्या पिकअपमध्ये गिअरच्या दांड्याखाली बोटाएवढा खिळा असतो आणि त्याला ओढणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी. तोच मी. ब्रेकवर पाय पडल्याशिवाय दांडा पार्किंगच्या, म्हणजे गाडी उभी ठेवायच्या, खाचेतून हलू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. तेवढंही माणसांनी करू दिलं नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट गाडीत बसलो. मालक रावसाहेब. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांची रोपवाटिका. गुडघा कामातून गेला म्हणून ही गाडी घेतली. ते पुढे बसून हुकूम सोडणार आणि त्यांची बायको यमुनाबाई मागचं फळकं पाडून कुंड्या उतरवणार. चार वर्षं मी एकदाही चुकलो नाही. कुणी विचारलंही नाही.

मग आला दसरा. हार, नारळ, इथवर ठीक. पण गाडीचा जीव म्हणे गिअरमध्ये, म्हणून रावसाहेबांनी तांब्याभर हळदकुंकवाचं पाणी दांड्यावर ओतलं. वर फडक्यानं पुसलं. खाली मी भिजलो त्याचं काय? आठ दिवसांत गंजून अडकलो. दांडा हलेना.

कात्रजचा साईनाथ मिस्त्री आला. दांड्याशेजारचं झाकण काढून त्यानं फटीत पेचकस खुपसला, तेव्हा दांडा सुटला. ही सोय गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरती, असं त्यानं बजावलं. पार्ट बदलायला दोन दिवस गाडी ठेवा म्हणाला. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, दोन दिवस कोण देतो! रावसाहेबांनी उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा घडी करून त्या फटीत कोंबला. आता ब्रेक दाबा नाहीतर नका दाबू, दांडा मोकळा.

पुढे टायर बदलताना साईनाथला तो पुठ्ठा दिसला. "काका, ब्रेकवर पाय ठेवायचा कंटाळा असेल तर बैलगाडी घ्या."

"तू रांगत होतास तेव्हापासून गाडी चालवतोय मी," रावसाहेब म्हणाले.

माझा नुसता संताप झाला. पण कोण ऐकतो?

परवा एका बंगल्यापुढे गाडी थांबली. इंजिन चालू, दांडा पार्किंगला, यमुनाबाई मागे कुंड्या उतरवताहेत. रावसाहेब मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला वळले. पंजा दांड्यावर, बोटं त्याच्या बटणावर, अंगाचा सगळा भार त्यावर. दांडा रिव्हर्सला गेला आणि गाडी मागे निघाली. ब्रेक लागेपर्यंत फळक्यानं यमुनाबाईंना कुंड्यांसकट आडवं केलं. मनगट मोडलं. मागे भिंत असती तर मनगटावर भागलं नसतं.

दवाखान्यात जाताना त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "अहो, मी मागे असते हे तुम्हाला माहीत होतं ना?" एवढंच विचारलं.

रावसाहेबांनी गाडी सावकाश चालवली. चार वर्षांत पहिल्यांदा.

आज साईनाथनं मला उपटून नवा बसवला. रावसाहेबांनी ब्रेक न दाबता दांडा ओढून पाहिला. पुन्हा ओढला, शिवी हासडली. नवा ढिम्म हलला नाही. शाबास.

मी चाललो भंगारात. मला पूजा नको, कौतुक नको. आमच्यातला कुणी अडून बसला तर त्याच्या नरड्यात पुठ्ठे कोंबू नका. आपला पाय कुठे आहे ते बघा. मागे कोण उभं आहे ते बघा.

इथे गॅरेजच्या फळीवरून मला गाडीची मागची बाजू दिसतेय. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून यमुनाबाई एका हातानं फळक्याची कडी लावताहेत. इंजिन बंद आहे, दांडा पार्किंगला आहे. तरी मागचे लाल दिवे पेटलेलेच. रावसाहेब ब्रेकवरचा पाय काढायला तयार नाहीत.