शांताताईंची पक्की शिवण

मी एक जांभळी रिबन आहे, साटीनची. माझ्या मधोमध बारीक टाके दिसतात ना, त्यांचीच ही कहाणी.

कुठल्या गिरणीत जन्मले, देव जाणे. मला जग कळलं ते ग्वाल्हेरला, नई सडकेवरच्या दुकानात. पद्मा आणि कुमुदिनी या जिवलग मैत्रिणींनी मला मिळून घेतलं आणि तिथेच माझे दोन तुकडे करवले. त्यांच्या शाळेत तेव्हा ते खूळच होतं. एक रिबन दोघींनी वाटून घ्यायची आणि डाव्या वेणीला बांधायची. उजवीला काळी. कोण कोणाची मैत्रीण, ते लांबूनच कळायचं. दोन डोक्यांवर एकदम मिरवायला मिळे; मी काय भाव खाल्ला म्हणून सांगू!

मुख्याध्यापिका शांताताईंना हे खपेना. प्रार्थनेनंतर त्या म्हणाल्या, "उद्यापासून दोन्ही वेण्यांना काळीच रिबन. जिच्याशी कोणी वाटून घेत नाही, तिनं कुठे बघायचं?"

मला रागच आला. पण दोन्ही वेण्यांना काळी रिबन बांधणाऱ्या राजलक्ष्मीनं तेव्हा मान वर केली, तेही मी पाहिलं.

ऐकतील त्या मुली कसल्या! दुसऱ्या दिवशीही दोघी मला बांधूनच आल्या आणि माझी रवानगी बाईंच्या कपाटात झाली.

त्या दिवाळीत आमचं मध्यभारत राज्य जाऊन नवं, मोठं राज्य आलं, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या, त्यांच्याबरोबर कुमुदिनीचे वडीलही. ती दाखला घ्यायला येणार म्हणून शांताताईंनी मला बाहेर काढलं. "जाणाऱ्या मुलीच्या हाती तुटकं देऊ नये," असं पुटपुटत त्यांनी माझे दोन्ही तुकडे दुहेरी दोऱ्यानं जोडले. इतक्या मायेनं, की मला रागावताही येईना. कुमुदिनीनं मला घेऊन बाईंना नमस्कार केला.

स्टेशनवर ती खिडकीत, पद्मा फलाटावर.

"पद्मे, कोणाकडून कैंची तरी आण ना!"

"अब कहाँ से लाऊँ गं?"

गाडी हलली. माझं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. उसवेन म्हणून दोघींनी जोर लावला. पद्मा धावत होती. पण बाईंची शिवण पक्की निघाली. शेवटी पद्मानंच हात सोडला.

आता मी भोपाळला, कुमुदिनीच्या पेटीत. "पद्मा आली की तिच्यासमोरच उसवीन," म्हणते ती. अजून पद्मा आलेली नाही.

तुमच्यापैकी कोणी ग्वाल्हेरला जाणार असेल, तर आधी कुमुदिनीला तेवढं समजवा. म्हणावं, उसव आता आणि पद्माचा तुकडा माझ्याबरोबर पाठव, रिबनला दुखणार नाही. ज्या टोकाला माक्याच्या तेलाचा वास येतो, ते पद्माचं आहे.