बारा पिल्लं, सहा पाइप

चाकणजवळच्या त्या खोलीत खाट एकच होती, तरी दोघांचं झकास चाललं होतं. ज्योतीराम रात्रपाळीला, सुजित दिवसपाळीला. एक उठला की दुसरा आडवा. आता येत्या सोमवारपासून कंपनीनं दोघांनाही सकाळच्या पाळीत घातलं होतं. खाट कुणाची, हा विषय मात्र कुणीच काढत नव्हतं.

ज्योतीरामचं सगळं लक्ष काचेच्या टाकीत. कंपनीत त्याच्याच लाइनवर काम करणाऱ्या रोहिदासनं त्याला क्रेफिशची बारा पिल्लं दिली होती. अंग झिंग्याचं, नांग्या खेकड्याच्या, लांबी बोटाच्या पेराएवढी. प्रत्येकाला लपायला जागा दे, असं रोहिदासनं बजावलं होतं. पण शहाण्या ज्योतीरामनं पाइपचे सहाच तुकडे टाकले. आपण दोघं एका खाटेवर भागवतो, मग यांना काय धाड भरलीय?

तिसऱ्या दिवशी नऊच उरली. कात टाकून मऊ पडलेली तीन पिल्लं उघड्यावर सापडली आणि भावंडांनी ती फस्त केली. ज्योतीरामला स्वतःचाच भयंकर राग आला. त्यानं लगेच आणखी तुकडे टाकले.

तरी कोपऱ्यातल्या पाइपवरून भांडण होतंच. आत बसलेलं चिमुकलं पिल्लू नांग्या उगारायचं आणि दुप्पट मोठं धूड माघार घ्यायचं. हे कसं काय? ज्योतीरामनं चिमुकल्याला चमच्यानं बाजूला काढलं, मोठ्याला दिवसभर आत राहू दिलं, मग चिमुकल्याला परत सोडलं. आता चिमुकलं पळालं! म्हणजे ताकद राहिली बाजूला, आधी बसेल तो मालक. ज्योतीराम खूश झाला.

सोमवारी पाळी सुटल्यावर तो चहालाही न थांबता खोलीवर आला आणि खाटेवर पसरला. मागून सुजित आला. ज्योतीरामहून हातभर उंच. ज्योतीराम भांडायच्या तयारीतच होता.

सुजितनं खाली चटई अंथरली.

"तुमी आधीपासून हाव, भाऊ," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पाय पुरेनात म्हणून ते त्यानं टाकीच्या टेबलाखाली सारले.

ज्योतीरामला डोळा लागेना. जिंकल्याची लाज वाटत होती. पिल्लं निदान नांगी तरी उगारतात; या पोरानं तेवढंही केलं नाही. तो उठला आणि टेबलाची जागा वितीनं मोजू लागला.

"काय करताव, भाऊ?"

"टाकी रोहिदासला परत देतो," ज्योतीराम म्हणाला. "हितं दुसरी खाट बसती."