मातीबाबाची ताडपत्री

त्या दिवशी आमच्या गावातली चाळीस घरं हातात माती घेऊन मारुतीच्या देवळासमोर रांगेत उभी होती. इतकी शिस्त आमच्या गावाने रेशनच्या दुकानासमोरही कधी पाळलेली नाही. कोणी रुमालात माती आणली होती, कोणी जर्मलच्या डब्यात. पुंजाजी आजोबांनी ती नातवाच्या दप्तरात आणली होती आणि त्यासाठी पुस्तकं घरी काढून ठेवली होती, त्यामुळे नातू बाबांचा पहिला सच्चा भक्त झाला.

देवळापुढच्या ओट्यावर मातीबाबा बसले होते. कपाळाला राख, गळ्यात सात प्रकारच्या माळा, समोर भगव्या कापडात गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली. बाटलीत तीर्थ. गेल्याच वर्षी ओट्याला शहाबादी फरशी बसवली होती, पण बाबांनी आल्याआल्या तिच्यावर निळी ताडपत्री अंथरायला लावली. तीर्थाचा एक थेंबही ओट्यावर सांडला तर मारुतीराय कोपतील, असा त्यांचा कडक नियम होता. आम्ही ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि त्या दगडांनाही नमस्कार केला.

"माणूस खोटं बोलते," बाबा माइकवर म्हणाले, "माती खोटं बोलत नाही. ज्याच्या वावरात करणी पुरली हाय, त्याची माती तीर्थ पडताच खदखदा उकळते. मी काही करत नाही. मी निस्ता थेंब टाकतो."

हे सगळं उदयसिंगच्या बैलांमुळे झालं होतं. पोळा आठ दिवसांवर आला असताना त्याची जोडी एका रात्रीत गेली. रॉकेट आणि पाखऱ्या. अडीच वर्षांचे, नुकतेच जुवाला लागलेले. संध्याकाळी दोघंही लंगडायला लागले, मांड्या सुजल्या, हात लावला की कातड्याखाली कुरकुर आवाज यायचा, आणि सकाळी दोघं गोठ्यात पाय ताणून पडलेले. झुली, गोंडे, शिंगांचा रंग, सगळं घरात आणून ठेवलेलं होतं. उदयसिंग दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर कामरगावकडे गेला आणि मातीबाबांना मागे बसवून घेऊन आला.

परीक्षा सुरू झाली. पळसाच्या पत्रावळीवर माती ठेवायची, बाबा मंत्र पुटपुटणार, थेंब टाकणार. माझा नंबर नववा होता. माझं वावर टेकडीवर आहे, म्हणजे त्याला वावर म्हणायचं ते केवळ सातबाऱ्यामुळे. बाकी तो लाल मुरूम आहे. थेंब पडला, माती ओली झाली आणि गप्प राहिली. बाबा म्हणाले, ऋषिकेश निर्मळ मनाचा पोरगा आहे. मी आयुष्यात पहिल्या फटक्यात पास झालेली ही एकमेव परीक्षा, म्हणून मी फार खोलात गेलो नाही.

खोलात जायला हवं होतं. कारण हा खेळ मी पंधरा दिवसांपूर्वी पाहिला होता. कृषी संशोधन केंद्राच्या साधना मॅडम आमच्या भागातल्या मातीचा नकाशा करायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या मुरमावर एका छोट्या बाटलीतून थेंब टाकला, काही झालं नाही. मग नाल्याकाठच्या काळ्या मातीवर टाकला, तर फस्स करून फेस आला. त्यांनी कारण सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि एकही शब्द ऐकला नव्हता, कारण त्या वेळी मी त्यांचा पाच फुटी खड्डा बघत होतो. एवढा सुबक खड्डा आमच्या गावात कंत्राटदारानेही खणला नव्हता.

चाळीस घरांपैकी सहा घरांची माती उकळली. सहाही वावरं नाल्याकाठची. पहिल्या पाचांच्या मागे भाऊबंद उभे होते, तेव्हा बाबांनी त्यांचा दोष नारळावर मिटवला. सहावी धनीबाई. तिच्या मागे फक्त तिची शेळी उभी होती.

धनीबाई साठीची, एकटी. नाल्याकाठी दोन एकर. साधना मॅडमचा खड्डा तिच्याच पडीक तुकड्यात होता, आणि त्या खड्ड्यात रात्री काय पुरतात यावर पानठेल्यावर आधीच चार मतं होती. थेंब पडताच तिची माती इतकी फसफसली की पुढच्या रांगेतल्या बाया मागच्या रांगेवर पडल्या.

उदयसिंगने तिला केसाला धरून खाली पाडलं. पहिली काठी पाठीवर बसली, दुसरी डोक्यात. ती बैल हाकायचीच काठी होती; आता तिला दुसरं काम उरलं नव्हतं. रक्त कानामागून मानेवर आलं. मग इतरांनाही आपलं काही ना काही मेलेलं आठवलं. पुंजाजी आजोबांना वासरू आठवलं आणि त्यांनी चप्पल काढली. एकीला कोंबडी आठवली. एकाचं काहीच मेलं नव्हतं. त्याने आगाऊ दोन लाथा घातल्या. धनीबाई ओरडत नव्हती. ती हाताने डोकं झाकून एकच म्हणत होती, की रॉकेटला तिने स्वतःच्या हाताने सरकी चारली आहे, ती त्याला कशाला मारेल.

मी उभा होतो. निर्मळ मनाने उभा होतो.

मग उदयसिंगने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्याचा श्वास लागला होता. तो बाबांना म्हणाला, "माती उकळली त मंग पोटातली करणी बी उकळीन ना? तीर्थ हाय ना हे? पाजा तिले."

आणि मी बाबांचं तोंड पाहिलं. राखेच्या खालूनही तो माणूस पांढरा पडलेला दिसला. पाजायचं नसते, तो म्हणाला. मुहूर्त नाही. मग म्हणाला, बाईमाणसाला चालत नाही. मग म्हणाला, उपाशीपोटी चालत नाही. एका मिनिटात त्याने चार कारणं दिली आणि एकही दुसऱ्याला ओळखत नव्हतं. तीर्थ पाजायला माणूस एवढा घाबरत नाही. आमच्याकडे तर लोक दुसऱ्यांदा हात पुढे करतात. उदयसिंग म्हणाला, आधी मारुतीची आरती, मग तीर्थ.

मी लघवीला जातो असं सांगून निघालो. गावात ही एकच सबब अशी आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही.

मॅडम खड्ड्यातच होत्या. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून त्या भिंत खरवडून मोजमाप घेत होत्या. जमिनीवर फक्त त्यांचं डोकं आणि टोपी दिसत होती. मी त्या डोक्याला सगळं सांगितलं. बाटलीला वास कसा होता, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गुलाबाच्या अत्तराचा, पण त्याच्या खालून नाकात झोंबणारा, नवीन बांधलेल्या संडासाचा असतो तसा. त्या एका उडीत वर आल्या. रस्त्यात त्यांनी पोलिसांना फोन लावला आणि दवाखान्याची गाडी मागवली. शेजारच्याच उदयसिंगच्या वावराजवळ थांबून, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडून त्यांनी एक ढेकूळ उचललं.

आम्ही पोचलो तेव्हा आरती संपत आली होती. दोघांनी धनीबाईला धरलं होतं. उदयसिंगच्या एका हातात बाटली, दुसऱ्या हातात तिचा जबडा.

मॅडम थेट त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. घाबरल्या होत्या, ते मला दिसत होतं. त्यांनी विचारलं, तुमची माती तपासली का. लोक म्हणाले, यजमानाची तपासत नाहीत. "मग आता तपासू," त्या म्हणाल्या. ढेकूळ पत्रावळीवर ठेवून त्यांनी स्वतःच्या बाटलीतला थेंब टाकला. ते धनीबाईच्या मातीसारखंच उकळलं. मधे धुरा होता, पण मातीला तो कोणी दाखवला नव्हता.

"माहं वावर?" उदयसिंग म्हणाला.

दुर्दैवाने याच क्षणी मला बोलावंसं वाटलं. मी म्हणालो, उदयदादा, नियमाने आता काठी तुमच्याच डोक्यात घालावी लागते.

त्याने बाटली ओट्यावरच्या ताडपत्रीवर ठेवली, कारण मारायला त्याला दोन्ही हात हवे होते. पहिल्या ठोशात माझा समोरचा दात गेला. दुसऱ्या ठोशात मी गेलो. जाताना हाताला लागेल ते धरायचं असतं, तशी मी ताडपत्री धरली. चार दगड घरंगळले, ताडपत्री माझ्यासोबत खाली आली, बाबा पाटासकट कलंडले, आणि बाटली आडवी होऊन जवळजवळ सगळं तीर्थ उघड्या फरशीवर गेलं.

ओटा उकळला.

थेंबाएवढा नाही, आख्खा. पांढरा फेस फरशीवरून सळसळत मारुतीच्या पायरीपर्यंत गेला, पायरीवरच्या चुन्याला लागला आणि तिथेही उकळला. टाळ वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला. नाकाला झोंबलं तसे लोक खोकत मागे हटले.

मग मॅडमनी जे सांगितलं, ते मी या वेळी ऐकलं. बाटलीत ॲसिड आहे. नवीन फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला वापरतात तेच, पाणी घालून. ज्या वस्तूत चुनखडी असते, तिच्यावर ते पडलं की वायू सुटतो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच, आणि फेस येतो. टेकडीवरच्या मुरमात चुनखडी जवळपास नाही. खालच्या काळ्या मातीत ती पाण्याबरोबर झिरपून साठते; धनीबाईच्या खड्ड्यात तिचे पांढरे खडे हाताने वेचता येतात. शहाबादी फरशी तर सगळीच चुनखडी. अंड्याचं कवच उकळेल, देवळाचा चुना उकळेल. त्यांनी कलंडलेल्या बाबाच्या कपाळावरची राख बोटाने पत्रावळीवर पाडली आणि थेंब टाकला. तीही फसफसली.

थोडक्यात, गावात निर्दोष असे फक्त आम्ही टेकडीवाले निघालो, तेही आमच्या वावरात काही पिकत नाही म्हणून.

"प्यायली असती तर?" उदयसिंगने विचारलं.

"घसा आतून जळला असता," मॅडम म्हणाल्या. "बाबांना माहीत होतं. म्हणून त्यांना मुहूर्त सापडत नव्हता."

तेव्हा बाबाने पळायचा प्रयत्न केला. चार पावलं गेला. त्याच काठ्या, त्याच चपला, त्याच लाथा, फक्त माणूस बदलला. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी खाली पडल्यापडल्या ऐकला. उदयसिंग त्याच्या छातीवर बसला, तळाशी उरलेलं ॲसिड घेऊन त्याने बाटली त्याच्या दातांना लावली आणि म्हणाला, घे, तुहंच तीर्थ. मॅडम त्याचा हात ओढत होत्या. हात हलत नव्हता.

धनीबाई उठून बसली होती. पदर डोक्याला दाबून धरला होता आणि तो पूर्ण लाल झाला होता.

"उदय," ती म्हणाली, "ठेव ते खाली. मारुतीचा ओटा बी उकळला ना? आता काय मारुतीले बी मारशीन?"

उदयसिंगने बाटली खाली ठेवली. मग तो तिथेच, फेसात, बसून रडला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या चपला पायात घातल्या. कोणती कोणाची, यावरून थोडा गोंधळ झाला.

बाबाचं नाव रविकांत. अकरा वर्षं फरशी बसवायच्या कामावर होता. फरशी कशाने उकळते हे त्याला कोणत्याही ऋषीपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून ताडपत्री. पोलिसांनी त्याला जादूटोणाविरोधी कायद्याखाली नेलं आणि मारहाणीबद्दल आमच्यातल्या सात जणांना. पुंजाजी आजोबा सर्वांत वयस्कर आरोपी आहेत.

बैल फऱ्या नावाच्या रोगाने मेले होते. तो रोग मातीतूनच येतो, पण करणीने नाही, जंतूने. आणि त्याची लस पावसाळ्याआधी गावात येऊन गेली होती. भोंग्यावरून तीनदा पुकारलं होतं. सुई दिली की बैल दोन दिवस मरगळतो आणि पेरणी तोंडावर आहे, म्हणून उदयसिंगने बैल दाखवलेच नव्हते. हे त्याला आता पाठ आहे. जामिनावर सुटून आल्यावर तो दारोदार फिरून सांगतो. धनीबाईच्या दारापुढून मात्र मान खाली घालून जातो. तिच्या डोक्याला नऊ टाके पडले. तिने त्याला माफ केलेलं नाही, आणि ते मला बरोबर वाटतं. पोळ्याच्या दिवशी तिने तिची शेळी रंगवली.

तिने मलाही विचारलं, तुले तर ठाव होतं, मंग सहा घरं होईपर्यंत काहून उभा राह्यला. समोरचा दात गेल्यामुळे नीट बोलता येत नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं.

म्हणून आता लिहून सांगतो. रोग आला तर डॉक्टराला विचारा, माती उकळली तर मातीवाल्याला विचारा. आणि कोणी तुमच्यासमोर चमत्कार करून एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर तिच्यावर हात उचलण्याआधी त्याच्या खालची ताडपत्री उचला.